गाईडसोबत शिकारीला जाताना: बुकिंगपासून कातडं हाती येईपर्यंत

गाईड घेतला की आपलं काम फक्त चाप ओढण्याचं, अशा समजुतीनं निघालेले लोक दोन ठिकाणी हमखास अडकतात. एक, विमानतळावर बंदुकीचे कागद दाखवताना. दुसरं, सावज समोर उभं असताना रायफल स्थिर धरायच्या त्या दहा सेकंदांत. गाईड तुम्हाला सावजापर्यंत नेतो. कागद, पाय आणि नेम मात्र तुमचे तुम्हालाच आणावे लागतात, आणि हे तिन्ही निघायच्या आठवड्यात तयार होत नाहीत. साध्या सहलीला सहा महिने आणि परवान्याची सोडत असलेल्या शिकारीला वर्षभर, असा अंदाज धरून चाला.

कायद्याचं एकदाच सांगून टाकतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. "ओळखीनं जमवून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागणं म्हणजे सरळ तुरुंगाची वाट. पुढचं सगळं परवान्यानं शिकार चालते अशा देशांपुरतं आहे.

## १. सावज आणि पद्धत आधी ठरवा

देश निवडण्याआधी स्वतःला विचारा: मला चालायचंय की बसायचंय? पद्धती मुख्यतः चार. माग काढत पायी जाणं, उंचावरून दुर्बिणीनं टेहळणी करून मग जवळ सरकणं, मचाणावर किंवा दब्यात बसून वाट पाहणं, आणि हाकारा. हाकाऱ्यात सावज पळतं असतं, वेळ दोन-तीन सेकंदांचा मिळतो आणि आजूबाजूला माणसं असतात. त्यामुळे नवख्यानं पहिल्याच शिकारीला तो निवडू नये.

पहिल्या खेपेला दक्षिण आफ्रिका किंवा नामिबियातली हरिणवर्गीय प्राण्यांची शिकार सोयीची पडते. इंपाला, कुडू, गेम्सबॉक ही हरणं, शिवाय वॉर्टहॉग हे रानडुक्कर, असे बरेच प्राणी एकाच परिसरात असतात, चालणं बेताचं असतं आणि एक संधी हुकली तर दुसरी मिळायची शक्यता चांगली असते. अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या एल्कचं, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाचं, तसं नाही. आठवडाभर चढ-उतार करून रिकाम्या हातानं परतणं तिथे नेहमीचंच. ताजिकिस्तानच्या पामीरमधली मार्को पोलो मेंढी ४,००० मीटरच्या वर राहते, नेमही बहुतेकदा लांबून धरावा लागतो. तिला पहिली शिकार करू नका.

हंगाम पाहताना सुट्टीपेक्षा प्राण्याचं वेळापत्रक पाहा. आफ्रिकेच्या दक्षिण भागात मे ते ऑगस्ट हा कोरडा हिवाळा असतो: पानं झडलेली, गवत खाली बसलेलं, प्राणी पाणवठ्याभोवती. एल्कचा माज सप्टेंबरात असतो. न्यूझीलंडमधला लाल हरणाचा नर मार्चअखेर ते एप्रिल या काळात डरकाळ्या फोडतो, त्यामुळे सापडायला सोपा जातो. माज सरला की हेच नर झाडीत दडून बसतात आणि त्याच जागी तितकेच पैसे देऊन फारसं काही दिसत नाही.

कुंपणाची चौकशी न लाजता करा. दक्षिण आफ्रिकेत पुष्कळ शेतांना उंच कुंपण असतं. हजारो हेक्टरच्या कुंपणातली शिकार आणि लहानशा तुकड्यात कालच आणून सोडलेल्या प्राण्याची शिकार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्राणी तिथेच जन्मलेले आहेत का, क्षेत्र किती, आत पाणी आणि आडोसा किती, हे लेखी विचारा. १८८७ साली स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब हा अमेरिकेतला शिकाऱ्यांचा क्लब उंच कुंपणातल्या प्राण्याची नोंद आपल्या विक्रमवहीत घेत नाही. नोंदीत रस असेल तर हे बुकिंगआधी माहीत असलेलं बरं.

## २. परवाना आणि टॅग

परवाना म्हणजे शिकार करण्याची मुभा. टॅग म्हणजे ठरावीक प्रजातीचा, बहुधा ठरावीक भागातला एक प्राणी मारण्याची मुभा. दोन्ही वेगळे असतात आणि दोन्ही लागतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत बरेच टॅग सोडतीनं मिळतात. अर्जाची मुदत हंगामाच्या कित्येक महिने आधी संपते, आणि काही राज्यांत दरवर्षी अर्ज करून गुण साठवल्याशिवाय नंबर लागत नाही. म्हणून आउटफिटरला, म्हणजे शिकारीची सगळी सोय करून देणाऱ्याला, पहिला प्रश्न हा: टॅगचा अर्ज कोण भरणार, आणि सोडतीत नंबर लागला नाही तर अनामत परत मिळणार की पुढच्या वर्षी वळती होणार?

काही ठिकाणी गाईड कायद्यानंच सक्तीचा आहे. अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला तपकिरी अस्वल, डॉल मेंढी आणि पहाडी बकरी यांच्यासाठी परवानाधारक गाईड लागतो (तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असेल तर सूट आहे). परदेशी नागरिकाला तर सगळ्याच मोठ्या प्राण्यांसाठी लागतो. दक्षिण आफ्रिकेत परदेशी शिकाऱ्यासोबत परवानाधारक व्यावसायिक शिकारी असावा लागतो. सगळे त्याला 'पीएच' म्हणतात.

शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही विसरू नका. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं, म्हणजे आज जवळजवळ सगळ्यांनाच. त्याच राज्याचा दुसरा नियम रायफलच्या हंगामात अंगावर ५०० चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी कापड मागतो, आणि डोक्यावरही. छद्मरंगाचे महागडे कपडे आधी घेऊन ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

गोळीच्या धातूवरही नियम आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिसेविरहित गोळी लागते. युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे चालत नाहीत. तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा वेगळ्या जागी लागू शकते, त्यामुळे ती ऐन वेळी विकत घेऊन भागत नाही. तिच्यावर नेम नव्यानं बसवावा लागतो.

## ३. आउटफिटर पारखणं

आउटफिटर करार करतो, जमीन, तंबू, गाडी आणि माणसं पुरवतो. गाईड तुमच्यासोबत चालतो. कधी दोघं एकच असतात, पुष्कळदा नसतात. तुम्ही ज्याच्याशी फोनवर बोलला तो माणूस मैदानात दिसेलच असं नाही. गाईडचं नाव, त्याच्या परवान्याचा क्रमांक आणि त्या भागातला त्याचा अनुभव मागून घ्या, आणि तो क्रमांक परवाना देणाऱ्या खात्याकडे पडताळा. या पडताळणीला एक ई-मेल पुरतो, तरी बहुतेक लोक ती करत नाहीत.

जुन्या गिऱ्हाइकांची यादी मागाल तेव्हा गेल्या हंगामात ज्यांना शिकार मिळाली नाही त्यांची नावंही मागा. शिंगांसोबत फोटो काढून घेतलेला माणूस चांगलंच बोलणार. रिकाम्या हातानं परतलेला माणूस खरं सांगतो: गाईड पहाटे उठत होता का, गाडी बंद पडली तेव्हा काय केलं, जेवण आणि अंथरूण कसं होतं, शेवटच्या दिवशीही प्रयत्न सोडला नव्हता ना. "अमुक टक्के यश" असं कुणी म्हणालं तर विचारा, हे टक्के संधी मिळाल्याचे, बार काढल्याचे की प्राणी हाती लागल्याचे? तिन्ही आकडे फार वेगळे निघतात.

प्रमाण नीट समजून घ्या. '१×१' म्हणजे एका शिकाऱ्यामागे एक गाईड, '२×१' म्हणजे दोघांत एक. दुसरा प्रकार स्वस्त पडतो, पण जोडीदार सावजामागे गेला की तुम्ही गाडीत बसून राहता. ओळख नसलेल्या माणसाशी जोडी लावणार असतील तर नकोच म्हणा.

## ४. करार आणि पैसे

आफ्रिकेत हिशेब बहुधा दोन भागांत असतो: रोजचा दर आणि मारलेल्या प्रत्येक प्राण्याची ट्रॉफी-फी. उत्तर अमेरिकेत बहुतेकदा एकरकमी दर असतो आणि परवाना-टॅग वेगळा. जाहिरातीतला आकडा यातला कोणता हे पाहिल्याशिवाय दोन आउटफिटरांची तुलना करू नका.

सगळ्यात जास्त वाद होतात ते जखमी सावजावरून. सर्वसाधारण रीत अशी की रक्ताचा एक थेंब दिसला तरी पूर्ण फी लागते, प्राणी सापडो वा न सापडो. रीत योग्यच आहे, पण ती करारात लिहिलेली असावी: जखमी झाला हे कोण ठरवणार, शोध किती वेळ घेणार, आणि त्यानंतर दुसऱ्या प्राण्यावर बार काढता येईल का. अमेरिकेत बऱ्याच आउटफिटरांकडे जखमी केलं की तुमची शिकार तिथेच संपते.

करारात हेही हवं: येण्या-जाण्याचे दिवस शिकारीच्या दिवसांत धरलेत का, विमानतळावरून ने-आण, भाड्याची रायफल आणि काडतुसं, कातडं काढणं, मीठ लावणं आणि ते पुढच्या ठिकाणी पोचवणं, तुम्ही रद्द केलं तर काय आणि त्यांनी रद्द केलं तर काय, कर. बक्षिसी बहुधा वेगळीच असते. गाईड, मागकाढ्या, कातडं सोलणारा आणि स्वयंपाकी यांची वेगवेगळी पाकिटं करा, आणि प्रत्येकाला किती देतात हे पहिल्याच दिवशी आउटफिटरला विचारून ठेवा.

विमा दोन गोष्टींसाठी: सहल रद्द झाली तर, आणि दुर्गम भागातून उचलून आणावं लागलं तर. पुष्कळ प्रवास-विम्यांत शिकार हा वगळलेला धोका असतो. बारीक अक्षरातलं ते कलम शोधून वाचा.

## ५. स्वतःची रायफल की भाड्याची

स्वतःची रायफल हातात बसलेली असते. पण तिच्यासोबत कागदांचं एक वेगळंच प्रकरण येतं. पहिल्या परदेशी शिकारीला, विशेषतः विमान बदलत जायचं असेल तर, भाड्याची रायफल घ्या हे माझं स्पष्ट मत. आउटफिटरकडे .३०८ किंवा .३०-०६ कॅलिबरची (काडतुसाच्या मापाची) बोल्ट रायफल, म्हणजे प्रत्येक बारानंतर हातानं दांडा ओढून नवं काडतूस भरायची रायफल, बहुधा असतेच. फक्त मॉडेल, स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) आणि गोळीचं वजन आधी विचारून घ्या आणि तशाच रायफलवर सराव करा. तुम्ही डावखुरे असाल तर तेही कळवा.

स्वतःची नेणार असाल तर नियम असे. रायफल रिकामी, कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात. काडतुसांची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमान-नियमांनुसार प्रवाशामागे पॅकिंगसकट ५ किलो, आणि दोघांची काडतुसं एका खोक्यात भरता येत नाहीत. काडतुसं मूळ पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या खोक्यात, सुटी नकोत. ती रायफलच्या पेटीत चालतात की वेगळ्या बॅगेत हवीत, हे प्रत्येक विमान कंपनी वेगळं सांगते. लेखी उत्तर मागा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा.

खरा सापळा मधल्या विमानतळाचा आहे. तुम्ही तिथे उतरतसुद्धा नाही, पण रायफल त्या देशाच्या हद्दीतून जाते, आणि काही देश त्यासाठीही वेगळी परवानगी मागतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळ्या तिकिटांवर प्रवास असेल तर मध्ये सामान उचलून पुन्हा जमा करावं लागतं, म्हणजे कायद्यानं तुम्ही त्या देशात बंदूक आयात केलीत.

पोचायच्या देशाचे नमुने असे: दक्षिण आफ्रिकेत पोलिसांचा एसएपीएस ५२० हा फॉर्म, काळ्या शाईत. सही घरून करून नेऊ नका, ती अधिकाऱ्यासमोरच करायची असते. एका कॅलिबरची एकच रायफल नेता येते आणि अर्धस्वयंचलित चालत नाही. कॅनडात आरसीएमपी (तिथले केंद्रीय पोलीस) ५५८९ हा घोषणापत्राचा फॉर्म, त्याचीही सही कस्टम अधिकाऱ्यासमोर. तो ६० दिवस चालतो. अमेरिकेत परदेशी माणसाला एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचा फॉर्म ६ एनआयए निघण्यापूर्वी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याला काही आठवडे जातात. परत येताना आपल्याच देशात रायफल आत घेता यावी म्हणून जाताना कस्टमकडे तिचा क्रमांक नोंदवून पावती घ्या.

मोठ्या, धोकादायक प्राण्यांसाठी आफ्रिकेतल्या अनेक देशांत .३७५ ही किमान मर्यादा आहे. .३७५ एच अँड एच हे १९१२ सालचं काडतूस आजही त्यासाठी पहिलं नाव. पण आफ्रिकी रानरेड्याच्या शिकारीची स्वप्नं दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी राहू द्या.

## ६. कागदांची पिशवी

मूळ प्रत, दोन छायाप्रती आणि फोनमध्ये फोटो, असे प्रत्येकाचे तीन संच:

- पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट
- आउटफिटरचं निमंत्रणपत्र: तारखा, जागा, प्रजाती आणि त्याचा परवाना क्रमांक असलेलं
- सही झालेला करार आणि भरलेल्या पैशांच्या पावत्या
- शिकार परवाना, टॅग, शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- बंदुकीचा परवाना, खरेदीचा पुरावा, आयातीचा अर्ज, मधल्या देशांच्या परवानग्या, विमान कंपनीची लेखी संमती
- विमा आणि आणीबाणीचा क्रमांक
- लसीकरणाची नोंद (पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी, प्रमाणपत्र त्यानंतरच वैध होतं)
- डॉक्टरांच्या सहीची औषधांची चिठ्ठी

बंदुकीचा क्रमांक सगळ्या कागदांवर सारखा आहे का, हे रायफल हातात घेऊन, नळीवरचा आकडा वाचून तपासा. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांच्या घोळात माणसं तासन्‌तास अडकून पडतात.

## ७. नेम

बहुतेक नवखे टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून १०० मीटरवर एकमेकांलगत बार घालून सुरेख गट काढतात आणि तयारी झाली असं समजतात. टेबलावरून रायफल तपासली जाते, माणूस नाही. मैदानात टेबल नसतं.

झिरो करणं, म्हणजे स्कोपमधला नेम आणि गोळी लागायची जागा जुळवणं. ज्या काडतुसानं शिकार करणार त्याच कंपनीची, त्याच वजनाची गोळी वापरा, शक्यतो एकाच लॉटची. .३०-०६ वर्गातली रायफल १०० मीटरवर साधारण ६ सें.मी. वर लागेल अशी बसवली की २०० मीटरवर नेमकी बसते आणि ३०० मीटरवर साधारण २५ सें.मी. खाली जाते. स्कोपच्या चकतीचा पाव मिनिटाचा (हे कोनाचं मिनिट, वेळेचं नव्हे) एक टिचका १०० मीटरवर ७ मिमी सरकवतो. हे आकडे फक्त सुरुवातीसाठी. तुमच्या रायफलचे खरे आकडे कागदावर बार काढूनच मिळतील. ते चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावा.

तिकाटणं. आफ्रिकेत जवळजवळ प्रत्येक बार तीन पायांच्या शूटिंग स्टिक्सवरून, उभ्यानं काढतात. गाईड काठ्या मांडतो, तुम्ही त्यांच्या बेचक्यात रायफल टेकवता. पुढचा भाग स्थिर वाटतो, पण दस्ता मागे डुलत राहतो आणि नेम आडवा फिरतो. उपाय: पाय खांद्याएवढे फाकवा, किंचित पुढे झुका, उजवं कोपर शरीराशी घट्ट धरा, डाव्या हातानं काठ्यांचा बेचका आणि रायफल एकत्र मुठीत पकडा. नळी काठीवर टेकू नका, लाकूड टेकवा. नळी टेकली की गोळीची जागा बदलते.

रोजचा सराव. घरात रिकाम्या रायफलनं, बोल्ट उघडून दोनदा खात्री करून, खोलीत एकही काडतूस नसताना: काठ्या मांडा, रायफल टेकवा, नेम धरा, चाप दाबा, बोल्ट ओढा, पुन्हा नेम. दहा सेकंदांत पहिला खटका पडला पाहिजे. रोज पंधरा-वीस वेळा. चाप दाबताना स्कोपमधला आडवा धागा हलला तर बोट झटका देतंय.

स्वतःची हद्द. २० सें.मी. व्यासाची ताटली घ्या. मध्यम हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा साधारण तेवढी असते. उभ्यानं काठ्यांवरून, गुडघ्यावर बसून, आणि पाठीवरच्या पिशवीवर रायफल ठेवून पालथं पडून, असे पाच-पाच बार काढा. आधी दोनशे मीटर धावून या, म्हणजे छाती धडधडत असेल. ज्या अंतरावर पाचपैकी पाच ताटलीत बसतात ती तुमची हद्द. चार बसले म्हणजे पाचवा प्राणी पोटात गोळी घेऊन पळाला. ही हद्द पहिल्या दिवशी गाईडला सांगा आणि त्यानं आग्रह केला तरी ओलांडू नका.

वाऱ्याचा हिशेबही याच भागात येतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०-०६ ची गोळी ३०० मीटरवर १५ ते २० सें.मी. सरकवतो. म्हणजे ताटलीच्या मध्यावर धरलेला नेम ताटलीबाहेर जातो.

कुठे मारायचं. सावज आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर या आणि छातीच्या उंचीच्या खालच्या एक-तृतीयांशावर थांबा. उत्तर अमेरिकेत खांद्याच्या मागे मारायची सवय असते. आफ्रिकन प्राण्यांचं हृदय पुढे आणि खाली असतं, तिथे हीच गोळी पोटाकडे जाते. पलीकडे तिरकं उभं असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांसमोर आणा आणि गोळी त्याच्यापर्यंत पोचेल अशी रेषा धरा. समोरासमोर किंवा ढुंगण वळवून उभं असेल तर थांबा. डोक्यावर बार काढू नका, जबडा फुटलेला प्राणी उपाशी मरतो.

## ८. पाय

निघण्याच्या तीन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा पाठीवर वजन घेऊन चाला. सुरुवात ५ किलोपासून, शेवटी १२ ते १५. जिने उतरायचा सराव चढण्यापेक्षा महत्त्वाचा; मांड्या आणि गुडघे उतारावर जातात. बूट नवे नेऊ नका. ज्या मोज्यांवर शिकार करणार त्याच मोज्यांवर किमान ८० किलोमीटर चालून झालेले असावेत.

डोंगरातली शिकार असेल तर २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि औषधाबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. डोकेदुखी, उलटी आणि चालताना झोक जाणं एकत्र दिसलं तर खालीच उतरायचं. सावज डोळ्यांसमोर असलं तरी.

## ९. सामान

आउटफिटर यादी देतो, ती पाळा. नवखे दोन गोष्टींवर चुकीचा पैसा घालतात. रायफलवर जास्त आणि दुर्बिणीवर कमी. दिवसभरात रायफल डोळ्याला एखाद-दोनदाच लागते, दुर्बीण सतत असते. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) झाडीत, १०×४२ मोकळ्या मैदानात. दुसरी चूक कपड्यांची. न सळसळणारं, मऊ कापड घ्या. काटेरी झुडपातून जाताना नायलॉनचा खरखराट सावजाला आधी ऐकू जातो. वेल्क्रोचे खिसे नकोत.

बाकी: पातळ हातमोजे, कडा असलेली टोपी, दोन लिटर पाणी, डोक्याला लावायचा दिवा आणि जादा सेल, फोडांसाठी चिकटपट्टी, कानांचं संरक्षण, अंतरमापक, ४० ते ६० काडतुसं. सुगंधी साबण आणि अत्तर घरी राहू दे.

## १०. मैदानात

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे झिरो तपासणं. प्रवासात पेटी आपटते. दोन-तीन बार, पुन्हा कागदावर. इथे गाईड तुमचा हात पाहत असतो, आणि तुम्हाला किती जवळ न्यायचं हे त्यावरूनच ठरवतो.

गाडीत आणि चढताना-उतरताना रायफलचा कक्ष (काडतूस बसतं ती जागा) रिकामा. चालताना नळीचं तोंड कुणाकडेही नको, मागकाढ्याच्या पाठीकडे तर मुळीच नको. गाईड पुढे असेल तर त्याच्या पावलावर पाऊल टाका आणि तो थांबला की अर्ध्या पावलावर थांबा. वारा तोंडावर हवा. मानेमागे गार वाटला की डाव संपल्यात जमा.

गाईड काठ्या मांडून हळूच सांगेल, "उजवीकडून दुसरा." तुम्हाला कोणता दिसतोय हे परत सांगा: "आडवा उभा, पुढे झुडूप, तोच ना?" कळपात चुकीच्या प्राण्यावर बार गेला तर फी तुमचीच. मागे दुसरा प्राणी उभा असेल तर थांबा, गोळी आरपार जाते. स्कोपपासून डोळा ९-१० सें.मी. लांब ठेवा, नाहीतर धक्क्यानं भुवई फुटते. अर्धा श्वास सोडा आणि चाप दाबत न्या.

बार झाला की मान वर करून पाहू नका. लगेच बोल्ट ओढून दुसरी गोळी कक्षात घाला आणि स्कोपमधूनच सावजावर राहा. ते कसं हललं हे आठवून गाईडला सांगायचं आहे. फुप्फुसात लागलं तर पुष्कळदा उसळी मारून ५० ते १०० मीटर पळतं. पोटात लागलं तर पाठ कमानीसारखी होते आणि जड पावलांनी निघून जातं. जागीच धाडकन कोसळलं तर आनंद आवरा आणि नेम धरूनच राहा: मणक्याला वरवर चाटून गेलेल्या गोळीनंही तसं होतं, आणि मिनिटभरात ते उठून नाहीसं होतं. गाईड "आणखी एक" म्हणाला तर वाद न घालता बार काढा.

सावज दिसेनासं झालं तर जिथे उभं होतं ती जागा एखाद्या झाडावरून किंवा दगडावरून मनात पक्की करा. धावू नका. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. अर्ध्या तासानं माग घ्या. गडद, काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत; तीन-चार तास द्या. हिरवट पाणी आणि शेणाचा वास म्हणजे पोट, सहा-आठ तास. घाईनं मागे लागलात तर ते उठून मैलभर जातं आणि माग तुटतो. पाऊस किंवा तरस-सिंहांचा वावर असेल तर हे गणित गाईड बदलेल, त्याचं ऐका. मागावर चालताना रक्ताच्या थेंबावर पाय देऊ नका, बाजूनं चाला आणि शेवटच्या थेंबापाशी खूण ठेवा.

पडलेल्या प्राण्याजवळ पाठीच्या बाजूनं जा आणि लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर तो जिवंत आहे. डोळे मिटलेला प्राणीही बहुधा जिवंतच असतो. मेलेल्याचे डोळे उघडे राहतात. टॅग भरायचा असेल तर फोटोआधी भरा.

## ११. मांस आणि कातडं

मांस नासतं ते उष्णतेनं. पोट लगेच रिकामं करा, कातडं काढा, सावलीत टांगा, हवा खेळू द्या, आणि शक्य तितक्या लवकर ४ अंश सेल्सियसखाली न्या. जाळीदार कापडी पिशव्या वापरा, प्लॅस्टिक नको. मोठ्या एल्कचं हाडं काढलेलं मांसही ९० किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे ते खाली कोण आणणार हे बार काढण्याआधी ठरलेलं असावं. रानडुक्कर आणि अस्वलाचं मांस आतपर्यंत ७१ अंश शिजवा. त्यात ट्रायकिनेला जंत असू शकतो.

डोकं-मान भिंतीवर लावायची असेल तर सोलणाऱ्याला आधी सांगा: गळा चिरू नको, आणि काप खांद्यांच्या बराच मागून घे. गळ्यावर मारलेली सुरी नंतर लपत नाही. कातड्याला आतून राहिलेलं मांस-चरबी खरवडून, कान उलटून, ओठ फाडून, बारीक मीठ चोळा. प्रमाण कातड्याच्या वजनाएवढं. चोवीस तासांनी ओलं मीठ झटकून नवं लावा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवलं की चामडं भाजतं, आणि मीठ उशिरा लावलं की जिवाणू लागून केस गुच्छानं निघतात. त्यानंतर मोठ्यातला मोठा कारागीरही काही करू शकत नाही.

कातडं-शिंगं पाठवायची असतील तर ती निर्जंतुक करून, पेटीत भरून निर्यात होतात, आणि यात महिने जातात. त्याआधी आपल्या देशाच्या वन्यजीव खात्याला आणि कस्टमला विचारा, ती प्रजाती आत आणता येते का. नसेल तर फोटो आणि मोजमापं घेऊन या. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइट्स करार १ जुलै १९७५ पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्ट १ मधल्या प्राण्याला निर्यातीचा आणि आयातीचा, असे दोन्ही परवाने लागतात, आणि आयातीचा आधी मिळवावा लागतो. निर्यात परवाना सहा महिने चालतो, आयात परवाना बारा. पेटी गोदामात पडून राहिली आणि तारीख उलटली तर माल बंदरावर जप्त होतो, म्हणून परवाना हाती आल्या दिवशीच त्यावरचं शास्त्रीय नाव, नग आणि टॅग क्रमांक ताडून पाहा आणि पाठवणाऱ्याला मुदतीची तारीख लेखी कळवून ठेवा.